तिसऱ्या दिवसाच्या माद्या

"बाई, ह्या वळीतल्या माद्या गाभण ऱ्हात न्हाईत," सिद्धू म्हणाला आणि त्यानं भुशाची पाटी उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी ठेवली.

डॉक्टर उमराणीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकही नाही?"

"एक बी न्हाई. जल्माच्या तिसऱ्या दिशी ज्यांची छाती चिरली, त्या. सातव्या दिशी चिरल्याल्या दोन-दोनदा व्यायल्या."

सांगलीतल्या एका दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत सिद्धू चार वर्षं बाईंचे प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळत होता. बहात्तरच्या दुष्काळात जतकडची मेंढरं विकून तो इकडं आला. पिंजरे, भुसा, वास, रोज तेच. पन्नाशीतच त्याचं अंग सत्तरीसारखं दुखायचं. पण मादी गाभण आहे की नाही, हे त्याला चालीवरून कळे. म्हणून बाईंनी त्याचं बोलणं उडवून लावलं नाही.

चार दिवसांनी त्यांनीच त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. त्या माद्यांचे बीजांडकोश सुकून गेले होते आणि आत पांढऱ्या पेशी शिरल्या होत्या.

"रोगाशी लढणाऱ्या पेशी छातीतल्या एका ग्रंथीतून येतात," बाई म्हणाल्या. "त्यांना आवरणाऱ्या पेशीही तिथूनच येत असाव्यात, पण जरा उशिरा. आपण तिसऱ्याच दिवशी ग्रंथी काढली. लढणाऱ्या बाहेर पडल्या होत्या, आवरणाऱ्या राहून गेल्या. मग लढणाऱ्यांनी घरचंच अंग खाल्लं. जपानातल्या डॉक्टरांनी हे आधी पाहिलंय."

"म्हंजी कुत्री म्होरं गेली आन धनगर मागं ऱ्हायला."

"तसंच काहीसं." बाई हसल्या.

सिद्धू हसला नाही. त्यानं परत सूक्ष्मदर्शकात डोकावलं. मग म्हणाला, "माणसात बी हुतं ह्ये?"

"होत असावं. का हो?"

हा बायकांचा विषय. "माझी लेक, हरणाबाई. चोवीस वर्साची हाय. इक्किसाव्या वर्सापास्नं ती... बाहेरची व्हायचीच थांबली. सासूनं वांझ म्हणून माघारी लावून दिली."

ती परत आली त्या दिवशी त्यानंही पोरीला विचारलं होतं, 'काय खाल्लंस, कुठं विटाळाला शिवलीस?' हे मात्र तो बाईंना बोलला नाही.

बाईंनी हरणाबाईला तपासलं, रक्त मुंबईला पाठवलं. दीड महिन्यानं उत्तर आलं.

"तिचे बीजांडकोश बंद पडलेत," बाई म्हणाल्या. "कारण हेच असेल, पण खात्रीनं नाही सांगता येत. उंदीर वेगळा, माणूस वेगळा. आणि मूल होईल असं औषध माझ्याकडं नाही."

"त्यात तिची चूक?"

"काडीचीही नाही."

"मग तेवढं ल्हिऊन द्या."

पुढच्या आठवड्यात बापलेक एसटीनं तासगावला, तिच्या सासरी गेले. सासू रंगुबाई शेडमध्ये बेदाणे निवडत बसली होती. जावई केरबा त्यांना बघताच उठून आत गेला. आतून त्याची नवी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या चालीवरून सिद्धूला कळायचं ते कळलं.

तरी त्यानं कागद पुढं धरला. "डाक्टरणीनं ल्हिवलंय. पोरीचा दोष न्हाई."

रंगुबाईनं हातातला बेदाणा सुपात टाकला. "कागुद चाटून पोर हुतंय व्हय, पाव्हणं?"

सिद्धूचा हात तसाच पुढं राहिला. हरणाबाईनं त्याच्या बोटांतून कागद हलकेच काढून घेतला.

"न्हाई हुत, आत्याबाई," ती म्हणाली. "म्या नांदाय आली न्हाई. माझ्या हातनं पाप झालं न्हाई, येवढंच सांगाय आलती."

तिनं कागदाची घडी घातली, तांब्यातलं पाणी प्याली, नव्या बायकोला म्हणाली, "जीवाला जप," आणि बापाच्या पुढं चालू लागली.

स्टँडवर दोघं बाकावर टेकली. ऊन तापलं होतं.

"हरणे, म्या बी तुला नगं ते बोललो..."

"ऱ्हाऊ द्या, आबा." थोड्या वेळानं ती म्हणाली, "भूक लागलीया."

"आज सोमवार न्हवं?"

पोटी मूल यावं म्हणून तीन वर्षं सोमवार-गुरुवार तिनं अन्नाला हात लावला नव्हता.

"असू द्या सोमवार."

तो भजी घेऊन आला. ती मांडीवर भज्यांचा कागद पसरून सावकाश खाऊ लागली. सांगलीची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं घंटी ओढली. सिद्धूनं गाडी जाऊ दिली.