डोंगरात नसलेला भ्रंश

थर्मामीटर बारीक आवाजात पिपी करून वाजलं आणि घरातली शांतता मोडली. कोरीननं ते जूनीच्या काखेतून अलगद काढलं. पोरगी झोपेतच कुरकुरली, कूस बदलून पुन्हा उशीत शिरली.

"किती?" दारातून रोवीनानं विचारलं. कोरीनची आई कॅसिनोतली रात्रपाळी संपवून नुकतीच आली होती. अंगावर तिथलाच काळा शर्ट, हातात कॉफीचा मग.

"थोडासाच आहे."

"थोडासाच मागच्या वेळीही होता."

कोरीननं थर्मामीटर डबीत ठेवलं. मागच्या वेळचं दोघींनाही सांगायची गरज नव्हती. थंडीत एकदा जूनी अशीच थोड्याशा तापात डोळे फिरवून लाकडासारखी ताठ झाली होती. कोरीन तेव्हा कॉलेजात, खनिजं ओळखायच्या परीक्षेत. फोन बंद करून मास्तरांच्या टोपलीत टाकलेला. धावतपळत दवाखान्यात पोचली तेव्हा झटका येऊन गेला होता आणि जूनी नर्सच्या मांडीवर बसून लाल जेली खात होती. रोवीनानं लेकीकडे वर मान करून पाहिलं होतं. "आलीस? दगड बरे आहेत ना सगळे?"

ते वाक्य कोरीनच्या अंगात अजून काट्यासारखं रुतलेलं होतं.

"नाही जात मी," ती आता म्हणाली.

"हो, नको जाऊस. मग जन्मभर मोटेलात चादरी बदल आणि जन्मभर मला ऐकव, की आई, तुझ्यामुळे." रोवीनानं मग आदळला. "जा. मी मेलेली नाही अजून. फक्त मी फोन केला तर लागला पाहिजे, एवढं बघ."

कोरीननं जूनीच्या गरम कपाळावर ओठ टेकले आणि बूट घालायला बसली.

नेवाडाच्या त्या टोकाच्या गावात माणसं एक तर सोन्याच्या खाणीत कामाला असत, नाही तर खाणीतल्यांचे कपडे, पोट आणि पत्ते सांभाळत. कोरीन सकाळी त्यांच्या खोल्यांतल्या चादरी बदलायची आणि दुपारी गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात भूविज्ञान शिकायची. पहिल्याच दिवशी डॅरेल होबार्ट मास्तरांनी तिच्या हातावर दगडाची कपची ठेवली होती. "दाताखाली धर. करकरली तर गाळ, लोण्यासारखी लागली तर निव्वळ माती." कोरीननं चावून पाहिली. लोण्यासारखी लागली. कधीकाळी इथं पाणी होतं, इतकं संथ की त्यात वाळूसुद्धा वाहत नव्हती, हे तिला जिभेवर कळलं. त्या दिवसापासून ती दगडांच्या नादी लागली ती लागलीच. रोवीना दुकानात भेटेल त्याला सांगायची, "माझी लेक कॉलेजात जाते. दगड खायला."

इथली दोन वर्षं झाली की पुढची दोन दूरच्या गावातल्या विद्यापीठात. या कॉलेजातला एकच विद्यार्थी विद्यापीठ दरसाल फी माफ करून घ्यायचं, आणि मूलबाळ असेल तर राहायला दोन खोल्याही द्यायचं. त्याची निवड डोंगरावर होई. दिवसभरात डोंगराच्या एका बाजूचा नकाशा काढायचा, कुठला थर कुठून कुठे धावतो ते होकायंत्रानं मोजून दाखवायचं, बस्स. आणि आजची ही निवड शेवटची होती. डॅरेल निवृत्त होणार होते, त्यांच्यामागे कॉलेज हा विषयच बंद करणार होतं. त्यांच्या वर्गात डिझेल इंजिनं येणार होती.

"फोन, चाव्या, लोखंडी बक्कल, सगळं बादलीत!" गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबताच डॅरेलनी प्लॅस्टिकची बादली फिरवली. "लोखंड आणि चुंबक होकायंत्राच्या सुईला नादी लावतात. मला माझी सुई सोवळी पाहिजे."

ब्रॉडी नावाचा दांडगा पोरगा सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत म्हणाला, "सुई सोवळी आहे मास्तर, पोरांचं सांगता येत नाही." सगळे खिदळले. बादली कोरीनपुढे आली.

"मी घरीच ठेवलाय," ती म्हणाली.

फोन तिच्या शर्टाच्या छातीवरच्या खिशात होता. त्याचं पाकीट चुंबकानं टपकन मिटणारं. हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण पाठीवरच्या पिशवीत टाकला तर त्याची थरथर जाणवणार नव्हती. तिनं ठरवलं, होकायंत्र प्रत्येक वेळी हात लांब करून धरायचं. तेवढ्यानं भागेल.

सुरुवातीला तिनं हात लांब ठेवला. मग ऊन चढलं. चढण घसरडी होती, एका हातात नकाशाची फळी, दुसऱ्यात होकायंत्र, कानात सारखा भास की फोन थरथरला. दोनदा तिनं दगडाआड बसून तो चोरून पाहिला. काही आलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या घळीत फोनला रेंजच नाही. तरी तो तिनं पिशवीत टाकला नाही. वर डोंगराच्या खांद्यावर गेल्यावर कदाचित येईल, अशा आशेनं परत छातीशीच ठेवला, आणि हात कधी आखडला ते तिला कळलंच नाही.

दुपारी नकाशा जुळवायला बसली तर थर जुळेनात. करड्या चुनखडीचा जाड पट्टा डावीकडून येत होता तो सरळ, आणि उजवीकडे पोचेपर्यंत भलत्याच दिशेला तोंड करून उभा. तिनं मान वर करून डोंगर पाहिला. डोळ्यांना तो पट्टा सलग दिसत होता, कमरपट्ट्यासारखा. पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हेच तर तिला दोन वर्षं शिकवलेलं. दुरून सगळंच सलग दिसतं. सुई खोटं बोलत नाही.

मग तिनं ते केलं जे या विषयातला प्रत्येक घाबरलेला विद्यार्थी एकदा तरी करतो. खडक तुटून सरकला की थरांचा सांधा जातो, त्या तुटीला भ्रंश म्हणतात. कोरीननं जुळत नसलेल्या दोन बाजूंच्या मधोमध एक जाड काळी रेघ ओढली. इथे भ्रंश आहे. सगळं झटक्यात जुळलं. तिनं सुटकेचा श्वास टाकला, रंगीत पेन्सिली काढल्या आणि फार सुबक रंगवला तो नकाशा.

निवड करणाऱ्या, विद्यापीठाच्या डॉ. वेल्बर्न सकाळपासून पायथ्याशी सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. उन्हानं रापलेली, काटक बाई. एकेक नकाशा गुडघ्यावर घेऊन बघत होत्या. कोरीनचा नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला. कोरीनच्या मनात आशेला पालवी फुटली.

"हा भ्रंश मला फार आवडला," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "इतकी वर्षं या डोंगरावर येतेय, मला मेलीला कधी दिसला नाही. चल ना, दाखव. या रे सगळ्यांनी, शिकण्यासारखं आहे."

सगळी वरात तो चढ चढली. पुढे कोरीन, मागे बाई, त्यांच्यामागे पोरं, शेवटी धापा टाकत डॅरेल. काळी रेघ जिथे होती तिथे येऊन कोरीन थांबली. तिच्या पायाखालून चुनखडीचा पट्टा डावीकडून उजवीकडे गेलेला होता. मध्ये चीरसुद्धा नव्हती.

"हं. हात ठेव त्याच्यावर," वेल्बर्न म्हणाल्या.

कोरीन तशीच उभी राहिली.

"भ्रंशावर हात ठेव, बाळ. आम्ही थांबलोय."

ब्रॉडी फिसकन हसला आणि त्याच्यामागून बाकीचेही. कोरीन खाली वाकली आणि तिनं खरंच हात ठेवला, तापलेल्या, अखंड दगडावर. तळवा पोळला, तरी लगेच उचलला नाही.

"तुला वेड लागलेलं दिसत नाही," बाई विचार करत म्हणाल्या. "डावीकडची मापं बरोबर आहेत, उजवीकडची बहकलीत. सरळ उभी राहा पाहू." त्यांनी स्वतःचं होकायंत्र उघडून तळहातावर धरलं आणि एकेक पाऊल टाकत कोरीनजवळ आल्या. सुई थोडा वेळ उत्तरेला राहिली. मग भाकरी दिसलेल्या कुत्र्यासारखी कोरीनच्या छातीकडे वळली.

"खिशात काय आहे?"

कोरीननं फोन काढून दिला.

"अरे वा! सकाळी घरी होता ना? चालत आला वाटतं."

यावर तर डॅरेल सोडून सगळेच हसले. डॅरेल पुढे झाले. "डॉक्टर, तिची मुलगी आजारी आहे. मागे एकदा झटका..."

"मास्तर, राहू द्या," कोरीन म्हणाली.

"नाही, नाही, सांगू दे त्यांना," वेल्बर्न म्हणाल्या. "मलाही दोन मुलं आहेत. दोघांना घरी गोवर होता तेव्हा मी चिलीच्या वाळवंटात नकाशे काढत होते. खिशात घालून नव्हते फिरत त्यांना." त्यांनी फोन परत केला. "चूक सगळ्यांची होते. मापं चुकली असती तर मी तुला तासभर देऊन परत पाठवलं असतं. पण तू जुळत नाही म्हणून डोंगर फाडलास. उद्या कुणी तुझ्या नकाशावर भरवसा ठेवून बोगदा खणेल, धरण बांधेल. असलं माणूस मी नेत नाही."

"पुन्हा एकदा..." डॅरेल म्हणाले.

"डोंगर कुठे जात नाही. पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष नाही, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वेल्बर्नबाईंनाही. त्यांनी ब्रॉडीचा नकाशा वर काढला. गचाळ होता, रंग रेघांबाहेर गेलेले. पण चुनखडीचा पट्टा सलग होता.

परतीच्या गाडीत कोरीन खिडकीशी बसली. ब्रॉडी शेजारी येऊन टेकला. त्यानं बियांची पुडी तिच्यापुढे केली. "खारट आहेत," तो म्हणाला. तिनं दोन घेतल्या. गाडी घळ ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली आणि तिच्या खिशात फोन थरथरला.

सकाळचाच निरोप होता, गाडी घळीत शिरल्यावर थोड्याच वेळात पाठवलेला. 'ताप उतरला. दोन पॅनकेक खाल्ले, तिसरा मागतेय. निवांत परीक्षा दे.'

आईनं तिला आयुष्यात कधी काही निवांत करायला सांगितलं नव्हतं.

घरी रोवीना आरशासमोर उभी राहून कामावर जायला केस बांधत होती. दाराचा आवाज ऐकून तिनं आरशातूनच लेकीकडे पाहिलं. तोंडात पिना होत्या, त्या तशाच ठेवून म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग?"

कोरीन बुटाच्या नाड्या सोडत राहिली. रोवीनाच्या तोंडातल्या पिना एकेक करून बाहेर आल्या. काहीतरी झोंबणारं तिच्या ओठांवर आलंही असेल, पण तिनं ते गिळलं.

"मी निरोप पाठवला होता," ती म्हणाली. "पोचला ना?"

"पोचला."

"वेळेवर?"

"हो," कोरीन म्हणाली. "अगदी वेळेवर."

रोवीनानं मान हलवली, पर्स उचलली. दाराशी जाऊन थांबली, परत आली, गॅसवरच्या पातेल्यातलं सूप एका वाडग्यात काढून लेकीपुढे ठेवलं आणि कामावर गेली.

आतून जूनी पळत आली. अंगात ताप नाही, पायात एकच मोजा, हनुवटीवर पाक वाळलेला. ती आईच्या कुशीत घुसली, मग पिशवीत घुसली आणि गुंडाळी केलेला नकाशा तिनं ओढून बाहेर काढला. कोरीननं अडवलं नाही. जूनीनं तो जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार चमचे ठेवले आणि पोटावर पडून बघू लागली. निळा पट्टा, पिवळा पट्टा, हिरवा पट्टा.

"आई, हे तू रंगवलं? सगळं?"

"हो."

"एकदापण रेघेबाहेर गेली नाहीस?"

"नाही."

जूनीनं कौतुकानं मान डोलावली. मग चिकट बोट एका रंगावरून दुसऱ्यावर फिरवत गेली. जाड काळ्या रेघेपाशी बोट थांबलं. तिच्यावरून ते वरपासून खालपर्यंत चालत गेलं, परत वर आलं.

"हा रस्ताय, हो ना? आपल्या नव्या गावाचा?"

कोरीन सूप ढवळत राहिली.

"आई," जूनी म्हणाली, "यात आपलं घर कुठंय?"