एक सेकंद स्थिर बोट

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची वाचा गेली, तेव्हा मी त्यांच्यासाठी एक ॲप केलं. फोनवर नऊ मोठी बटणं. बोट लावलं की फोन तो शब्द मोठ्याने बोलणार. ॲप बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे घरात माझा भाव एकदम वधारला.

पण चालता राहिलेला बाबांचा डावा हात थरथरायचा. एका स्पर्शाचे चार व्हायचे आणि फोन 'पाणी, पाणी, पाणी' असा धोशा लावायचा. बाबा ताईकडे राहायचे; ती स्वयंपाकघरातून धावत यायची, तर पाणी नकोच असायचं, बोट घसरलेलं असायचं.

"डोकं उठलंय माझं," ती म्हणाली. "याचं काहीतरी कर रे."

केलं. ऑफिसात करतो तेच केलं, बटणांची संवेदनशीलता कमी केली. बोट पूर्ण एक सेकंद न हलता टेकलं तरच स्पर्श धरायचा, हललं तर सोडून द्यायचा. मग तपासून पाहिलं, दहापैकी दहा वेळा बरोबर. तपासलं कशाने, तर माझ्या धडधाकट अंगठ्याने! एकदा बाबांच्या हातात देऊन बघावं, एवढी साधी अक्कल या शहाण्याला सुचली नाही.

घर शांत झालं. आठ दिवसांनी ताईचा फोन आला.

"बाबा रुसलेत रे. ॲपमधून एक शब्द नाही. जेवतानाही तोंड फिरवतात."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मी हसून म्हणालो. तेव्हाच माझी जीभ का झडली नाही?

रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि ॲपमधली नोंद उघडली. तिथे प्रत्येक स्पर्श लिहिला जातो, सोडून दिलेलाही. आठ दिवसांत सहाशे चौदा स्पर्श, आणि धरलेला एकही नाही. 'पाणी' सत्तावीस वेळा, 'दुखतंय' एकोणचाळीस वेळा. बाकी सगळे एकाच बटणावर, 'जवळ बस'. पहिल्या दिवशी दोनशेच्या वर, मग रोज कमी कमी. काल तीन. आज काहीच नव्हतं.

तिथेच बसून ती अट काढून टाकली आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, चूक माझी होती. आता बोलेल तो. लावा ना बोट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो थरथरता हात चादरीखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी अंधार पडेपर्यंत जवळ बसून होतो. त्यांनी हात बाहेर काढला नाही.