पोरीच्या नावावर

"लग्नाची तारीख धरायची नाही, काका," सविता म्हणाली. "निकिता जर्मनीत जाऊन नवऱ्याबरोबर राहायला लागली, तिथून तीन वर्षं."

वाल्मीकनं पुन्हा बोटांवर मोजून पाहिलं. "म्हंजे दिवाळीत नाय व्हायचं?"

"नाही. लग्नानंतर व्हिसा यायलाच किती महिने गेले तिचे. पुढचा उन्हाळा उजाडेल. आणि तेव्हाही पक्कं नाही, फक्त तिथं राहायचा परवाना तिच्या स्वतःच्या नावावर होईल. पक्कं त्याच्याही पुढे."

सविता नाशकात कॉलेज रोडला परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची व्हिसाची कामं करायची. वाल्मीक आणि सिंधुबाईची लेक निकिता तिच्या धाकट्या बहिणीची मैत्रीण. म्हणून दोघं सकाळी बाजारात भाजी विकून, मखमलाबादला घरी न जाता तसेच तिच्याकडे आले होते. सिंधुबाईच्या नखांत अजून मेथीची माती होती.

निकिताचा नवरा योगेश इंजिनिअर. घरात काही बिनसलं की त्याचं एकच वाक्य असायचं. "माझ्यामुळे आहेस इथे. मी नाही म्हटलं तर परवा नाशकात दिसशील." तेव्हा घरच्यांनी ठरवलं होतं की परवाना हातात पडेपर्यंत निभावून न्यायचं. वाल्मीक फोनवर म्हणायचा, "बाळा, थोडंच राहिलं. एवढी दिवाळी जाऊ दे." सिंधुबाईही तेच म्हणायची. नवऱ्याला सोडून आलेली तिची नणंद आक्काबाई त्यांच्याच घरात म्हातारी झाली होती. कुणाच्या हळदीला तिला कुणी पुढं बोलावलं नाही. ते सिंधुबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"एक विचारू?" सविता जरा थांबून म्हणाली. "मारहाण वगैरे असेल, तर तीन वर्षं थांबलंच पाहिजे असं नसतं. पण तसं सांगावं लागतं. दाखवावं लागतं."

"नाय नाय," वाल्मीक घाईनं म्हणाला. "तसलं काय नाय. जावई जरा तापट हाय, बस."

"हाय तसलं," सिंधुबाई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मागल्या महिन्यात मला म्हणली, आई, दात हलतोय, भाकरी चावत नाय. पोरीचं दात हलायचं वय हाय का?"

"मला का नाय सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुमी? दिवाळीपर्यंत थांब म्हणले असते. मी बी तेच म्हणले तिला."

सवितानं पाण्याचा ग्लास वाल्मीकपुढं सरकवला. त्यानं तो बाजूला सारला. मग म्हणाला, "फोन लाव तिला. तिकडं सकाळ असंल. तो कामावर गेला असंल."

निकितानं लगेच उचलला.

"बाळा, दिवाळीचं सोड," वाल्मीक म्हणाला. "आजच निघ तिथून."

निकिता वडिलांना दादाच म्हणायची. "दादा, मग माझं इथलं काय होणार? मला परत पाठवतील."

"पाठवू दे. घर हाय आपलं." त्यानं फोन सिंधुबाईकडे दिला, तिनं तो सविताकडे. सविता शांतपणे सांगत राहिली. पासपोर्ट आधी बॅगेत घाल. दाताच्या डॉक्टरकडून लिहून घे. बायकांना आसरा देणारी घरं तिथे असतात, आत्ताच फोन कर.

निकिता त्याच आठवड्यात बाहेर पडली. आसऱ्याच्या घरात तिला एका सुदानी बाईबरोबर खोली मिळाली.

योगेशची आई मखमलाबादला आली आणि ओट्यावर उभी राहूनच बोलली. "असले आरोप करून माझ्या मुलाची नोकरी घालवायची आहे का तुम्हाला?" सिंधुबाईनं तिला आत बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. निघताना एवढंच म्हणाली, "विहीणबाई, दात गेला तिचा. तुमच्या पोराची नोकरी हाय अजून."

परवान्याचं काम सोपं नव्हतं. निकिताला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले गेले. कागद अपुरे म्हणून एकदा सगळं अडकलं. हिवाळाभर ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. वाल्मीकचा "ये घरी" एवढा एकच धोशा. शेवटी तीच म्हणाली, "दादा, आता मला इथे राहायचंय. हरले तर येईन."

परवाना आला तो एका वर्षाचा. पक्कं व्हायला पुढं बरीच वर्षं कमवावं लागणार होतं, आणि ते होईलच असं कुणी सांगत नव्हतं. "पण आता कुणाच्या जिवावर नाही आई," निकिता म्हणाली.

त्यानंतरच्या बुधवारी गणेशवाडीच्या भाजीबाजारात शेजारच्या नवसाबाईनं नेहमीसारखं विचारलं, "लेक-जावई कवा येत्यात गं?"

इतके दिवस सिंधुबाई "येतील की" म्हणून गिऱ्हाइकाकडे वळायची.

"जावई नाय आता," ती म्हणाली. आवाज तिनं खाली घेतला नाही. "सोडलं तिनं त्याला. तिकडंच कामाला लागली."

कोथिंबीर निवडणारी एक बाई मान वर करून बघायला लागली. सिंधुबाईनं तिच्या हातातली जुडी घेतली, पिवळी पानं काढून टाकली आणि परत दिली.

नवसाबाईनं उठून आपली मोठी छत्री जराशी तिरकी केली. सिंधुबाईच्या मेथीवर सावली आली.