गवाईनंतर या!

हसू नका, मित्रांनो. मी सोंगाचा मुखवटा नाही. मी मलेशियातल्या कुचिंग शहरातल्या एका रुग्णालयातला, किरणोपचाराचा जुना मुखवटा आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

आधी मी प्लास्टिकचा नुसता जाळीदार तुकडा होतो. गरम पाण्यात मऊ करून मला मेलियाच्या चेहऱ्यावर दाबलं, तोच माझा जन्म. मेलिया मिरीच्या मळ्यात राबणारी बिदायुह जमातीची बाई. नाकामागे कर्करोगाची गाठ, एक कान बंद. किरण देताना तिचं डोकं जराही हलू नये म्हणून मला टेबलाशी पक्कं अडकवत. "मेला, नवऱ्यापेक्षा घट्ट धरतो!" असं ती म्हणायची.

गाठ मात्र चिवट. किरणांनी झालेली इजा ती पुन्हा भरून काढायची. मग डॉक्टर तिओंग यांनी नवं औषध आणलं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूबरोबर एक जनुक थेट गाठीत सोडायचं, म्हणजे तिची ती डागडुजीच बंद पडते.

"पण दोन-तीन दिवसच हं," डॉक्टरांनी बजावलं. "तेवढ्यात किरण मिळायलाच हवेत. प्रत्येकाला एकच डोस आहे."

मेलियाने सुई टोचून घेतली, तिच्यामागून तसलीच गाठ असलेल्या उगाट नावाच्या नावाड्यानेही. दोघं किरण विभागात आली आणि खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "गवाईनंतर या!"

सुगीचा हा सण जवळ आला की आमच्या सारावाक राज्यात सगळ्यांच्या तोंडी हेच. छप्पर गळतंय? गवाईनंतर. लग्नाची बोलणी? गवाईनंतर. इथे तर यंत्रावर चादरसुद्धा पडली होती. सुई देणाऱ्यांनी किरणवाल्यांना विचारलं नव्हतं, किरणवाल्यांनी सुईची चौकशी केली नव्हती. मी फळीवर नुसता जळफळत होतो.

उगाट भला माणूस. "बरं बरं, तुम्हालाही सण आहेच की," म्हणत तो होडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेला.

मेलियाने खिडकीवर थाप मारली. "माझ्या गाठीला गवाई कळते होय रे?"

"अहो मावशी, बुलानताई गावी गेल्या. यंत्र कोण चालवणार?"

"मग बोलाव तिला! तोवर मी इथून हलत नाही." आणि तिने दारातच बसकण मारली.

डॉक्टर धावत आले, खजील झाले. त्यांनी फोनांवर फोन लावले. उगाटच्या गावाला रेंजच नव्हती. बुलान मात्र दुसऱ्या दिवशी आली, सणाची मण्यांची गळपट्टी आणि चांदीचा मुकुट घालूनच.

"मावशी, भाजायला लावलेलं कोंबडं टाकून आले!"

"खात बसली असतीस तर मी तुला खाल्लं असतं."

बुलानने मुकुट काढला आणि मला मेलियाच्या चेहऱ्यावर बसवलं. त्या दिवसापासून गाठ हळूहळू विरत गेली.

आता मी मेलियाच्या ओट्यावर टांगलेला असतो. गवाईला पोरं मला कोंबड्याचं पीस खोचतात, धूळ मात्र कोणी पुसत नाही. असो.

उगाटचा मुखवटा फळीवर माझ्या शेजारी होता. उगाट सांगितल्याप्रमाणे गवाईनंतर आला. खिडकीतल्या माणसासाठी सणाचा खाऊसुद्धा आणला होता त्याने! तोवर औषधाचा जोर ओसरला होता. त्याचा मुखवटा घरी न्यायला कोणीच आलं नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, मी प्लास्टिक आहे, टिकेन. पण खिडकीतून कोणी 'नंतर या' म्हणालं, तर उगाटसारखे मुकाट्याने परतू नका. आणि उद्या त्या खिडकीत तुम्ही बसलात, तर मान वर करून आधी बघा, समोरच्या माणसाकडे 'नंतर' आहे का?