मला दुपारी कोणी चालवलंच नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी, राखाडी मोटारगाडी आहे. नऊ वर्षं नागपुरात इंदोऱ्याला काढली, आता कळमेश्वरला असते. माझ्याविषयी दोन माणसं बोलली, दोघंही खरं बोलली, आणि तरी एका आजारी माणसाचा जीव टांगणीला लागला. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

सुरुवातीला मी शोरूममधली, गिऱ्हाइकांना चालवून दाखवायची गाडी होते. एका डिसेंबरात पुण्याहून मिनल नावाची बाई आली. नव्या गाड्या चालवून पाहायच्या आणि त्यांचे व्हिडिओ करायचे, हे तिचं काम. तिने मला दिवसभर पिटाळलं. खड्ड्यांत घातलं, मुद्दाम करकचून ब्रेक मारले, मागे बसून पायांना जागा किती ते पाहिलं. स्टिअरिंग हलकं आहे, ब्रेक भरवशाचे आहेत, असं ती म्हणाली. मी फुगले, खोटं कशाला सांगू? शेवटी ती हेही म्हणाली, "हे एका दिवसाचं आणि थंडीतलं मत आहे. उन्हाळ्यात ही कशी वागते, ते जो रोज चालवतो त्या मालकाला विचारा."

मालक झाले नागसेनभाऊ. सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी आणि प्रेमिलाताईंनी मला लेकीसारखं सांभाळलं. उन्हाळ्यात ताईंच्या माहेरी, नरखेडकडे जायचं असलं की पहाटे पाचला निघायचं, दिवस संत्र्याच्या बागेत घालवायचा आणि उन्हं कलल्यावर परत यायचं. अकरा ते पाच मी टिनाच्या शेडखाली. मे महिन्यातल्या नागपुरात शहाणी माणसं असंच करतात, त्यात त्यांचं काय चुकलं?

पण मला एक दुखणं होतं. इंजिन तापू नये म्हणून माझ्यात पुढे एक पंखा आहे. इंजिन थोडं तापलं की तो हळू फिरतो आणि फार तापलं की जोरात. चौथ्या वर्षी त्याचं जोरात फिरणं बंद पडलं. पहाटेच्या गारव्यात हळू फिरणं पुरायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. गॅरेजवाल्यानेही सकाळी पाहिलं, पंखा फिरताना दिसला, झालं.

एकदाच बिंग फुटायची वेळ आली होती. खाप्याला लग्न होतं आणि भर दुपारी निघावं लागलं. एसी लावलेला, काचा बंद. अर्ध्या वाटेत मी तापून उभी राहिले. सगळे संध्याकाळपर्यंत कडुलिंबाखाली बसले. मला वाटलं, आता तरी मला दाखवायला नेतील. पण प्रेमिलाताई म्हणाल्या, "एवढ्या उन्हात माणूस थकते, गाडी काहून नाही थकणार?" सगळ्यांना ते पटलं. दोष माझा होता, नाव उन्हावर गेलं आणि विषय संपला.

मग यंदा फेब्रुवारीत पायल आली. ती नागसेनभाऊंच्या कचेरीतल्या जुन्या मित्राची, धम्मानंद यांची मुलगी. धम्मानंदांच्या किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी कळमेश्वरहून नागपूरला आणावं लागतं. मोठी हुशार मुलगी. तिने मिनलचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता, म्हणून तर मालकाला विचारायला आली.

"काका, उन्हाळ्यात काही त्रास तर नाही न देत?"

"तुले सांगतो पायल, नऊ उन्हाळे काढले हिनं. कधी दगा नाही दिला," नागसेनभाऊ म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. खाप्याची गोष्ट त्यांना आठवलीसुद्धा नाही.

आणि धम्मानंदांचा नंबर दुपारी बाराचा होता! मी आतून नुसती तडफडत होते. विचार ना पोरी, तुम्ही दुपारी चालवली का म्हणून विचार. पण तिने हात जोडले आणि मला घेऊन गेली.

एप्रिल कसाबसा निभावला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी, वाटेतलं फेटरी गाव यायच्या आधी माझा तापमानाचा काटा चढला आणि मी बंद पडले. आजूबाजूला सावली नाही. पायलने दारं उघडली तर झळा आत शिरल्या. धम्मानंदांना धाप लागली होती. दिवसभरात किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनी मोजून दिलेलं, आणि गाडीत तेवढी एकच बाटली. तिने ती त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"बाकीचं हिले पाज. मले तसंही मना आहे."

मित्रांनो, मला त्या क्षणी भंगारात जावंसं वाटलं.

पायलने पाणी मला दिलं नाही. तिने एसटीला हात केला. बस थांबली, कंडक्टरने धम्मानंदांना धरून चढवलं. दवाखान्यात त्यांचा नंबर हुकला होता. मशीन संध्याकाळी रिकामं झालं, तोवर श्वास चढलेला. वाचले, पण थोडक्यात. रात्री मी गार झाल्यावर पायलने मला कळमेश्वरला परत आणलं.

दुसऱ्या दिवशी नागसेनभाऊ धावत कळमेश्वरला आले. पायल चिडली नाही. तिने फक्त विचारलं, "काका, तुम्ही हिले मे महिन्यात दुपारी कधी चालवली होती?"

"दुपारी? मे महिन्यात दुपारी कोण निघते वं?"

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच उमगलं. मग त्यांनी चावी मागितली. डोक्याला दुपट्टा बांधून, बारा वाजता, एसी लावून ते एकटे मला घेऊन निघाले. नजर सगळी काट्यावर. वीस मिनिटांत काटा चढला. ते रस्त्याकडेला थांबले, तेव्हा त्यांना खाप्याचं लग्नही आठवलं. परत आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "मी तुले सकाळची गाडी सांगितली, पायल. मले दुसरी माहीतच नव्हती."

सोमवारी परत डायलिसिस होतं. चंपतराव मिस्त्रींनी माझा पंखा बदलला. "चालवून पाह्यली, झकास आहे," ते म्हणाले.

"कितीले पाह्यली?" नागसेनभाऊंनी विचारलं.

"सकाळी, नऊले."

"मंग बाराले पाहा."

मिस्त्री कुरकुरले, पण भर उन्हात आले. मला अर्धा तास उभ्याउभ्या चालू ठेवलं. काटा चढू लागला तसा पंखा घरघरून जोरात फिरला आणि काटा खाली आला. तरी सोमवारी नागसेनभाऊ स्वतः माझ्यात बसून नागपूरपर्यंत आले.

मित्रांनो, कोणी गाडी चांगली आहे म्हणालं तर त्याला खोटा समजू नका. जो एक दिवस चालवतो तो पारखून पाहतो, पण त्याला एकच दिवस मिळतो. जो नऊ वर्षं चालवतो त्याला माझी इतकी सवय होते की माझं दुखणंही त्याला हवामान वाटतं. दोघांनाही विचारा. मात्र आधी सांगा, तुम्हाला कोणाला न्यायचंय, कुठे आणि किती वाजता. आणि आम्हा गाड्यांपैकी कोणी एकदा जरी थांबलं, तरी उन्हाला नावं ठेवू नका, झाकण उघडून बघा. मला बोलता येत नाही, मी फक्त थांबू शकते.

उद्या पुन्हा अकराला निघायचंय. धम्मानंद मागे बसतील आणि नेहमीसारखे माझ्यावर विश्वास ठेवून झोपी जातील. मला मात्र नागपूर येईपर्यंत चैन पडणार नाही.