शेगडी पेटेना

दिल्लीत एशियाड झालं, त्या हिवाळ्यातली गोष्ट. गोबरगॅसला सरकार सबसिडी देतं हे काटोलच्या बाजारात कळलं आणि चंद्रभानने गावी येऊन गोठ्यामागे खड्डा खणायला घेतला. खरी घाई त्याच्या बायकोला, गोपिकेला होती. लग्न होऊन आल्यापासून ती चुलीच्या धुरात डोळे चोळत होती. सासू जिजाबाईने मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शेणाच्या वाफेवर शिजलेलं मी तोंडात नाही घेत." तिने आपली चूल वेगळी मांडली.

विटांचं बांधकाम झालं, लोखंडी टाकी बसली, स्वयंपाकघरापर्यंत पाइप आला. शेणकाला भरल्यावर आत गॅस साठून टाकी हळूहळू वर उचलली गेली. आता फक्त तपासणीचे साहेब येऊन पेटती शेगडी बघणार आणि सबसिडी मंजूर होणार.

पण शेगडी पेटेना. गोपिकेने काडीमागून काडी ओढली. फुस्स आवाज यायचा, घाण वास सुटायचा, ज्योत काही यायची नाही. "गॅस वाया नको घालवू वं," म्हणत चंद्रभानने पाइपवरचा कॉक घट्ट आवळून ठेवला.

गावात थट्टा सुरू झाली. "काहून गा चंद्रभान, टाकीत लोणचं मुरवून राहिला का?" पारावरून कोणीतरी ओरडायचं. तो मान खाली घालून निघून जायचा. सबसिडीच्या भरवशावर त्याने एवढं बांधकाम काढलं होतं. रात्री त्याला झोप लागेना.

साहेब फटफटीवर आले. गोपिकेने काडी लावली. विझली. दुसरीही विझली. चंद्रभानचा चेहरा उतरला.

साहेब गोठ्यामागे जाऊन आले. "टाकी तर भरलेली दिसते. पहिला गॅस सोडून दिला होता ना?"

"नाही जी! जपून ठेवला."

साहेबांना हसू आवरेना. "अहो, पहिला गॅस पेटतच नसतो, त्यात हवा मिसळलेली असते. गवंड्याने सांगितलं नाही?" त्यांनी कॉक उघडला. टाकी खाली बसेपर्यंत सगळे नाकाला पदर-रुमाल लावून उभे राहिले. "आता पुन्हा भरू द्या. मी पुढच्या आठवड्यात येतो."

साहेब परत आले तेव्हा गोपिकेने श्वास रोखून काडी लावली. भप्प आवाज झाला आणि शेगडीभोवती निळी ज्योत फिरली.

"पेटली वं, पेटली!" चंद्रभान ओरडला आणि तिथेच खाली बसला. गोपिकेच्या डोळ्यांना पाणी आलं. या खेपेला धूर नव्हता.

साहेबांनी कागदावर सही केली आणि ते दाराशी बसलेल्या जिजाबाईकडे वळले. "आजी, आता यावर चहा होऊन जाऊ द्या."

जिजाबाईची चूल तर केव्हाची विझली होती, आणि घरी आलेला माणूस आपल्या तोंडाने चहा मागत होता. ती उठली, चहाचं पाणी घालून गंज शेगडीवर ठेवला. चहा उकळल्यावर तिने गंज वर धरून त्याचं बूड नीट न्याहाळलं.

"काळं काहीच नाही झालं," ती म्हणाली. "मग राखेनं घासाचं काय?"

साहेबांना कप देऊन तिने उरलेला चहा बशीत ओतला. गोपिका बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "चहाच तर आहे. जेवण थोडीच आहे!"

साहेबांची फटफटी वळणाआड गेली. चंद्रभान ओसरीवर आडवा झाला आणि भर दुपारी घोरायला लागला. गोपिकेने त्याला उठवलं नाही. गुरांना पाणी पाजायला ती स्वतःच गेली.