लाल मातीत बहिरी झालेली थाळी

मी सुरुंग शोधणारी थाळी बोलतेय. दांड्याच्या टोकाला मी, पोटात तारेचं वेटोळं. जमिनीखाली धातू लागला की किंचाळते. जेवायच्या थाळीशी माझं नातं लावू नका.

कारखान्यात माझी परीक्षा वाळूत झाली. वाळू सरळ बाई. तिच्यात टाचणी पुरली तरी मला कळायची. तिथून आले या लाल मातीत. हिच्यावर पहिल्या दिवसापासून माझा विश्वास नाही. हिच्या अंगातच लोखंड! सुरुंग नसला तरी मला ओरडायला लावते. ओली झाली की सोंगच बदलते.

मला धरते ती वहिनी. तुकडीची मुकादम तिची नणंद. लढाईत पेरलेले सुरुंग काढून शाळेची पायवाट मोकळी करायची, हे दोघींचं काम. तोवर पोरं नदीच्या कडेनं जीव मुठीत धरून जातात. त्यांत नणंदेची मुलगीही.

माझ्या ओरडण्याला नणंद वैतागली. "वहिनी, कजाग आहे हो ही!" तिनं बटण फिरवून माझे कान मंद केले, मला नरम केलं. मग छावणीतल्या वाळूत धातूचा तुकडा पुरून त्यावरून फिरवलं. मी ओरडले. "बघा, ऐकते की!"

पायवाटेवर मात्र मी गप्प. सगळे खूश. गप्प बसणारी सगळ्यांनाच आवडते.

वहिनीला शंका आली. "वन्सं, ही एवढी शहाणी कधीपासून झाली?"

"तुमचा तर देवावरही विश्वास नाही."

"देव सुरुंग काढायला येत नाही."

तिनं तोच तुकडा लाल मातीत पुरला आणि मला वरून फिरवलं. मी मुकी. पुन्हा फिरवलं. मुकीच. नणंदेचं तोंड उतरलं.

मग दोघी गुडघ्यांवर बसल्या आणि सळई तिरकी धरून माती टोचत निघाल्या. जिथून मी मुकाट गेले होते, तिथंच चार बोटं खाली प्लॅस्टिकचा सुरुंग निघाला. आत धातू म्हणाल तर सुईएवढा.

"उद्या पोरगी इथूनच जाणार होती, वहिनी."

"जाईल. पण आज नाही. सळई नीट धरा."

वाट अजून बंद आहे. दोरीपलीकडून लोक टोमणे मारतात, "बायका माती उकरत बसल्यात." मारू देत. माझं एवढंच ऐका. मी गप्प असले, तर आधी विचारा, हिची परीक्षा कुठल्या मातीत घेतली? उत्तर मिळेपर्यंत पोरांचा हात सोडू नका.